आकाशात घिरट्या, जमिनीवर रांगा: एटीसी आधुनिक केली तर विमानं वेळेवर येतील का?

खिडकीची_सीट (धागाकर्ती)

गेल्या रविवारी नागपूरहून मुंबईला येत होते. दीड तासाचा प्रवास. उतरायची वेळ झाली तसं विमान एका अंगाला कललं, सरळ झालं, पुन्हा त्याच अंगाला कललं. खाली कुठलंसं धरण दिसत होतं, ते मी पाच वेळा पाहिलं. मग वैमानिकाचा आवाज आला, मुंबईत गर्दी आहे, आपला नंबर नववा. पन्नास मिनिटं उशिरा टेकलो. त्यानंतर उभं राहायला जागा नाही म्हणून आणखी वीस मिनिटं विमानातच. (कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांचा दोष होता असंही नाही.)

शेजारी आयटीतले एक गृहस्थ होते. त्यांचं ठाम मत: एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) अजून जुन्या जमान्यात आहे, उपग्रह आणि एआय आणा, हे सगळं चुटकीसरशी संपेल. ऐकायला बरं वाटलं, पटलं मात्र नाही.

घरी येऊन शोधाशोध केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितलं होतं की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात. विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन खातं असं धरलं, तर ४० मिनिटांत १.७ किलोलिटर, म्हणजे साधारण १.८ लाख रुपये जळाले. त्यावर उपाय काय केला? गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानं ये-जा करत होती ती ४४ केली, आणि एरवीची ४४ होती ती ४२. म्हणजे यंत्रणा बदलली नाही, विमानंच कमी केली!

तर जाणकारांना प्रश्न: नवी यंत्रणा आणून उशीर खरंच कमी होतो का? कुठे झालाय का?

---

बायनरी_बुवा

शेजारचे गृहस्थ मी नव्हतो, पण मत माझंही तेच आहे. लंडनच्या गॅटविक विमानतळावर एकाच धावपट्टीवर तासाला ५५ विमानं हाताळतात. म्हणजे साधारण दर ६५ सेकंदांना एक. आपण ४६ वरच धापा टाकत होतो, म्हणजे ७८ सेकंदांना एक. हा फरक यंत्रणेचा नाही तर कशाचा?

---

कोकणी_मेवा

वाचतेय. गोव्याबद्दलही कुणीतरी लिहा.

---

ॲप्रनवरचा

मी विमानतळावर जमिनीवरच्या कामात अकरा वर्षं काढली. विमान लागलं की शिडी, सामान, इंधन, साफसफाई, जेवणाच्या ट्रॉल्या, पुन्हा प्रवासी, पुशबॅक. छोट्या जेटला हे सगळं उरकायला अर्धा-पाऊण तास मिळतो. त्यात एक प्रवासी ड्यूटी फ्रीत हरवला आणि त्याची बॅग पोटात गेलेली असली, की ती शोधून खाली काढेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली म्हणून समजा.

सकाळी गेलेली ती पंधरा मिनिटं दिवसभर त्या विमानाच्या मागे लागतात. एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. संध्याकाळी इंदूरला बसलेल्या माणसाला कळतही नाही की त्याचा उशीर सकाळी कोचीत जन्मला. डीजीसीए (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) दर महिन्याला उशिराची कारणं छापते, त्यात सर्वांत मोठा वाटा या ‘रिॲक्शनरी’ उशिराचाच असतो. एटीसीचा वाटा त्यापुढे लहान दिसतो.

आणि ‘वेळेवर’ची व्याख्या ठाऊक आहे ना? ठरल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत म्हणजे वेळेवर. शिवाय कंपन्या तिकिटावर आधीच वेळ फुगवून ठेवतात. मुंबई-दिल्ली विमान हवेत पावणेदोन तासांच्या आसपास असतं, तिकिटावर सव्वादोन लिहिलेले असतात. मग ‘आपण दहा मिनिटं लवकर पोहोचलो’ म्हणून टाळ्या.

---

निवृत्त_सिग्नलवाला

रेल्वेत आम्ही हेच करायचो. शेवटच्या स्टेशनाआधी भरपूर वेळ ठेवून द्यायचा. गाडी कल्याणपर्यंत रडत येते आणि सीएसएमटीला वेळेवर! हलके घ्या.

---

जर्सीकर

इकडची कहाणी सांगतो, कारण एटीसीच्या आधुनिकीकरणावर अमेरिकेइतका खल कुठेच झाला नसेल.

‘नेक्स्टजेन’ची पायाभरणी २००३ च्या कायद्याने झाली. रडारऐवजी उपग्रहावरून विमानाची जागा कळावी, वैमानिकाशी बोलण्याऐवजी मजकूर पाठवता यावा, विमानांनी सरळ रेषेत जावं, असं ते स्वप्न. त्यातलं बरंच प्रत्यक्षात आलं. १ जानेवारी २०२० पासून गर्दीच्या हवाई क्षेत्रात एडीएस-बी सक्तीचं आहे, म्हणजे विमान स्वतःच आपली जागा सतत सांगत राहतं. पण उशीर संपला का? नाही.

२०२५ चं न्यू जर्सीतलं नेवार्क विमानतळ घ्या. माझ्या घरापासून पाऊण तासावर. तिथल्या विमानांचं नियंत्रण आधी न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरून व्हायचं. तिथे माणसं मिळेनात म्हणून जुलै २०२४ मध्ये ते काम फिलाडेल्फियाला हलवलं. रडारची माहिती मात्र न्यूयॉर्कहूनच तांब्याच्या तारांवरून यायची. २८ एप्रिल २०२५ ला ती तुटली. साधारण ९० सेकंद पडदा काळा, रेडिओ बंद. विमानं हवेत आणि नियंत्रक आंधळे-बहिरे. अपघात झाला नाही, पण काही नियंत्रक त्या धक्क्यामुळे रजेवर गेले, आधीच कमी असलेली माणसं आणखी कमी झाली, आणि पुढे कित्येक दिवस विमानतळाची दैना. त्यात एक धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद.

यातून बाहेर कसे आले? नव्या फायबर लाइन टाकल्या, धावपट्टी जूनमध्ये उघडली, आणि (धागाकर्त्या ताईंनी लिहिलंय तेच) सरकारने तासाची विमानं बांधून दिली. माझ्या मते सर्वांत लवकर गुण आला तो या तिसऱ्या औषधाचा.

फ्लॉपी डिस्कचा किस्सा खरा आहे. जून २०२५ मध्ये एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक संस्था, एटीसी तीच चालवते) प्रमुखांना संसदेच्या समितीपुढे सांगावं लागलं की आता फ्लॉपी आणि कागदी पट्ट्या बंद करायच्या आहेत. त्या उन्हाळ्यात १२.५ अब्ज डॉलर मंजूरही झाले.

---

चहाची_किटली

फ्लॉपी??? २०२५ मध्ये???

---

जर्सीकर

हो. आणि हसू नका, त्या चालत होत्या. ११ जानेवारी २०२३ ला इथे ९/११ नंतर पहिल्यांदाच देशभरातली उड्डाणं थांबवावी लागली. कारण वैमानिकांना सूचना देणाऱ्या नोटॅम प्रणालीतल्या काही फाइल्स काम करताना चुकून पुसल्या गेल्या. फ्लॉपीने नव्हे, संगणकाने देश थांबवला.

---

मनोरा_निवृत्त

बरेच दिवसांनी लिहितोय. नोकरीची बरीच वर्षं रडारच्या पडद्यासमोर गेली. गॅटविकचा मुद्दा आधी घेतो, तो मला प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतोच.

मुंबईत धावपट्ट्या दोन, ०९/२७ आणि १४/३२. पण त्या एकमेकींना छेदतात. कात्रीसारख्या. त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच चालवायची. उतरलेलं विमान धावपट्टीवरून किती लवकर बाजूला होतं, त्यावर मागच्याचं नशीब. बाहेर पडायचा तिरका टॅक्सीवे चुकला की पुढच्या वळणापर्यंत रांगत जायचं, आणि मागचं विमान पुन्हा वर, म्हणजे गो-अराउंड. एका गो-अराउंडने रांगेतल्या सगळ्यांचा हिशेब बिघडतो. दुसरं, विमानांची सरमिसळ. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून जडमागे मध्यम विमान यायचं तर ५ सागरी मैल अंतर ठेवावं लागतं. एरवी रडारवर ३ मैलांत भागतं. एटीआर, एअरबस ३२०, बोइंग ७७७ आणि उद्योगपतींची खासगी जेटं एकाच माळेत ओवायची म्हणजे काय ते विचारू नका. तिसरं, उभं करायला जागा. उतरलेल्याला जागा नसली की टॅक्सीवे तुंबतो. ताईंची वीस मिनिटं तिथे गेली.

यातलं एकही दुखणं नव्या संगणकाने बरं होत नाही. आणि तरीही याच माळेने डिसेंबर २०१८ मध्ये एकदा २४ तासांत १,००७ विमानं हाताळली होती. सरासरी ८६ सेकंदांना एक, रात्रंदिवस. तेव्हा आमची पोरं कमी पडतात असं कुणी म्हणू नये.

आता यंत्रणेने फरक पडतो का? पडतो. पण कुठे, ते बघा. नोव्हेंबर २००३ मध्ये आपल्याकडे आरव्हीएसएम आलं. त्याआधी २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत २,००० फूट उभं अंतर लागायचं, ते १,००० झालं. एका रात्रीत आकाशात मजले वाढले! अरबी समुद्रावर पूर्वी कर्कश रेडिओवर जागा विचारत बसायचो, आता उपग्रहावरून पडद्यावर येते. अर्थमंत्र्यांनी मे २०२० मध्ये सांगितलं होतं की आपल्या आकाशाचा ६० टक्केच भाग नागरी विमानांना मोकळा आहे, बाकी वळसा. हवाई दलाशी बोलून तो वळसा कमी केला तर प्रत्येक फेरीत इंधन वाचतं. ही खरी कमाई आहे, आणि ती होतेय.

पण ही सगळी कमाई रस्त्यातली. मुंबईच्या बाटलीचं तोंड तेवढंच आहे. रस्त्यात पाच मिनिटं वाचवून आलेलं विमान तोंडाशी येऊन पाच मिनिटं जास्त थांबतं.

---

निवृत्त_सिग्नलवाला

अगदी! आमच्याकडे सिग्नल सुधारले की साहेब लोक विचारायचे, ‘आता किती सेवा वाढवता येतील?’ ‘आता गाड्या वेळेवर येतील का’ असं कुणी विचारलं नाही. सापडलेला प्रत्येक मिनिट टाइमटेबलात गेला. मग एका गाडीची चेन ओढली की मागे विरारपर्यंत रांग.

---

मनोरा_निवृत्त

काका, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. मंत्रालयाच्या त्याच निवेदनात कारणंही दिली होती. मधे मोकळीक न ठेवता वाटलेले जास्तीचे स्लॉट (म्हणजे उतरायच्या-सुटायच्या ठरवून दिलेल्या वेळा), कंपन्यांचं स्लॉट न पाळणं, आणि गर्दीच्या वेळेतली बिगर-वेळापत्रकी उड्डाणं. तिन्हींत संगणकाचा उल्लेख कुठे आहे? यंत्रणेने वाचवलेली मिनिटं स्लॉट म्हणून वाटून झाली की उशीर जिथे होता तिथेच. फक्त जास्त लोकांना.

---

बायनरी_बुवा

मनोरा काका, आदर ठेवून असहमत. तोंड तेवढंच आहे हे मान्य, पण त्या तोंडातून किती जातं हे तंत्रावरच ठरतं. लंडनच्याच हीथ्रोने २०१५ मध्ये अंतराऐवजी वेळेवर विमानं लावायला सुरुवात केली. समोरून जोराचा वारा असला की विमानाचा जमिनीसापेक्ष वेग घटतो. ४ सागरी मैलांचं अंतर १४० नॉट्सने (तासाला १४० सागरी मैल) १०३ सेकंदांत कापलं जातं, ११० नॉट्सने तेच १३१ सेकंद घेतं. म्हणजे वाऱ्याच्या दिवशी प्रत्येक विमानामागे २८ सेकंद वाया. संगणकाने वाऱ्याप्रमाणे अंतर कमी करून सेकंद तेवढेच ठेवले, आणि वाऱ्यामुळे होणारा उशीर दणक्यात उतरला. धावपट्टी तीच, माणसं तीच. मग?

---

मनोरा_निवृत्त

बुवा, हे उदाहरण तुम्ही अचूक काढलंत, मान्य. असं काही आपल्या पावसाळ्यात यावं असं मलाही वाटतं.

पण नीट बघा, त्यांनी काय केलं. मिळालेली क्षमता वाऱ्याच्या दिवसासाठी राखली. वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा हीथ्रोवर आधीपासून होती, त्यामुळे नवे स्लॉट वाटायची सोयच नव्हती. यंत्र चाललं कारण कुलूप आधीच लावलेलं होतं.

आणि पावसाळ्यात नुसता समोरचा वारा नसतो. विरारच्या बाजूने काळा ढग आला की कुठलाच वैमानिक त्यात शिरत नाही, आणि शिरूही नये. अख्खी रांग वळवावी लागते. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं, ते चिखलातून काढून धावपट्टी सुरू व्हायला चार दिवस लागले. तोवर सगळा भार छोट्या धावपट्टीवर. तिथे काय करणार तुमचं अल्गोरिदम?

---

चहाची_किटली

बुवा विरुद्ध मनोरा. मी किटली चढवलीय, चालू द्या.

---

बायनरी_बुवा

ढगापुढे हात टेकले. पण घिरट्यांचं काय? विमान नागपूरहून सुटण्याआधीच कळायला हवं ना की मुंबईत नववा नंबर आहे? तिथेच थांबवा, इंजिन बंद ठेवून.

---

मनोरा_निवृत्त

ते सुरू आहे. एटीएफएम म्हणतात, दिल्लीतून देशभराचा हिशेब चालतो. पुढे गर्दी दिसली की मागच्या विमानतळावर सुटायची वेळ ठरवून देतात. तुम्ही गेटवर बसून ‘एटीसीची परवानगी नाही’ ऐकता ना, बऱ्याचदा ते हेच. इंधन वाचतं, नियंत्रकाच्या डोक्याचा ताप वाचतो. तुमचा उशीर मात्र वाचत नाही, फक्त धरणावरून गेटवर येतो. मंत्रालयाने मोजलेले १.८ लाख वाचले, ताईंची पन्नास मिनिटं गेलीच.

आणि एक नियंत्रक म्हणून सांगतो, हा फायदा लहान नाही. डोक्यावर घिरट्या घालणारी आठ विमानं म्हणजे काय, ते पडद्यासमोर बसलेल्यालाच कळतं. आमच्यासाठी आधुनिकीकरण आधी सुरक्षेसाठी असतं, मग वेळेसाठी. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. त्यानंतर दिल्लीत येणारे-जाणारे मार्ग वेगळे झाले, विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. त्या खर्चाने किती मिनिटं वाचली, असं कुणी विचारलं नाही.

---

लोहगावकर

पुण्याचं दुखणं आणखी वेगळं. विमानतळ हवाई दलाचा, एटीसी त्यांचीच. लढाऊ विमानांचा सराव आधी, आपण नंतर. तक्रार नाही, जागा त्यांची आहे. पण ‘आधुनिक एटीसी’ आणून सुखोई कमी होणार नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ १४ दिवस पूर्ण बंद होता, आणि त्याआधी वर्षभर रात्रीची उड्डाणं बंद. टर्मिनल नवं झालं, धावपट्टी तीच एक.

---

कोकणी_मेवा

मग गोव्याचं दाबोळीही तसंच. तळ नौदलाचा, आयएनएस हंसा. आठवड्यातल्या दिवशी सकाळी साडेआठ ते एक नौदलाच्या सरावाची वेळ, त्यामुळे उरलेल्या वेळेत विमानांची झुंबड. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर गोव्यात मोपा विमानतळ सुरू झाल्यावर उत्तरेकडच्यांना दुसरा पर्याय मिळाला. म्हणजे इथेही सुटका नव्या धावपट्टीने झाली, नव्या पडद्याने नव्हे. (अवांतर: मडगावहून मोपाला जायला लागणारा वेळ कुणी ‘उशिरा’त धरतं का?)

---

ॲप्रनवरचा

बुवांना एक विचारायचंय. नवी प्रणाली पडली तर काय? ब्रिटनमध्ये २८ ऑगस्ट २०२३ ला असंच झालं. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या मार्गात डीव्हीएल नावाचे दोन बिंदू होते, एक फ्रान्समधला दोव्हिल, एक अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक. संगणक गोंधळला आणि सुरक्षित म्हणून बंद पडला. राखीव संगणकालाही तोच प्रश्न, तोही बंद. सात लाखांवर प्रवासी लटकले, तेही सुट्टीच्या सोमवारी. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत संदेश पोचवणारी एएमएसएस प्रणाली बिघडली, तर नियंत्रक उड्डाणांचे आराखडे हाताने भरत बसले आणि शेकडो विमानं खोळंबली.

---

बायनरी_बुवा

ते जुन्याचंच दुखणं आहे हो, म्हणून तर बदला म्हणतोय! दिल्लीतली बिघडलेली प्रणाली काय नवी-कोरी होती? यंत्रं जुनी होऊ द्यायची, आणि मोडली की यंत्रांवर भरवसा नको म्हणायचं, हे बरंय.

---

ॲप्रनवरचा

हा टोला बसला. मान्य.

पण मग डिसेंबर २०२५ चं बोला. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. ना ढग, ना रडार. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि रोस्टरमध्ये तेवढी माणसं नव्हती. धुक्यातही तेच. दिल्लीत दाट धुक्यात उतरवणारी कॅट-३ यंत्रणा लागलेली, विमानही तयार, पण त्या दिवशी ड्यूटीवर तसं प्रशिक्षण घेतलेला वैमानिकच नाही. यंत्रणा कोट्यवधींची, आणि अडलंय ड्यूटीच्या तक्त्यावर.

---

जर्सीकर

माणसांचा मुद्दा इकडेही तोच. ऑगस्ट १९८१ मध्ये रेगनने संपावरचे ११,००० हून जास्त नियंत्रक काढून टाकले. एकदम भरती झाली, म्हणून निवृत्तीही पुढे एकदम आली. नियंत्रक तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात, तो बाजारातून आणता येत नाही. २०२५ च्या शरद ऋतूत सरकारचं कामकाज ४३ दिवस ठप्प झालं, नियंत्रक बिनपगारी येत होते. शेवटी ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणंच कमी करायचा हुकूम निघाला. १२.५ अब्जांची यंत्रणा येईल तेव्हा येईल, तिच्यापुढे बसायला माणूस लागेलच.

---

खिडकीची_सीट

सगळ्यांचे आभार. मला जे कळलं ते असं: नवी यंत्रणा हवीच, पण ती उशिरासाठी मागू नये. उशिरासाठी मागायचं ते स्लॉटचं कुलूप आणि रोस्टरवर माणसं. बुवा, रागावू नका.

आता एकच प्रश्न राहिला. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागलीत. ३,७०० मीटरची नवी धावपट्टी. आता तरी मुंबईच्या बाटलीला दुसरं तोंड मिळालं ना?

---

मनोरा_निवृत्त

तोंड मिळालं, पण मान एकच आहे. दोन्ही विमानतळ सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर, धावपट्ट्या दोन्हीकडे जवळपास पूर्व-पश्चिम. एकाची चढणारी विमानं दुसऱ्याच्या उतरणाऱ्यांखालून काढायची, तीही सह्याद्रीच्या अलीकडे. इथे मात्र बुवांचं तंत्र खरोखर कामाला येईल, कारण ठरावीक वळणाचे, उपग्रहावर आखलेले मार्ग नसतील तर दोघांना एकमेकांसाठी थांबावं लागेल. म्हणजे बुवा, तुमचा एक गुण.

---

बायनरी_बुवा

लिहून ठेवतो. तारीखवार.

---

खिडकीची_सीट

पुढच्या महिन्यात पुन्हा नागपूरला जायचंय. सकाळचं पहिलं विमान घ्यावं की दुपारचं?

---

ॲप्रनवरचा

डोळे मिटून पहिलं. ते रात्रभर तिथेच उभं असतं, कोचीहून यायचं नसतं.

---

निवृत्त_सिग्नलवाला

त्यासाठी डोंबिवलीहून पहाटे साडेतीनला निघावं लागेल ते वेगळं. त्या वेळी लोकल क्वचितच असते, ताई.